दोरीवरचा पूर

मार्कंड्याच्या खाली वैनगंगेच्या पात्रात आठ घरांचं एक बेट होतं. बेटाच्या टोकाला फुटांच्या खुणा केलेला खांब नदीत रोवला होता. रोज सकाळी आठ वाजता बेटावरच्या मनसारामने खांबावर पाणी कुठवर चढलं ते बघायचं आणि काठावरच्या चौकीला टेलिफोनने कळवायचं, असं सत्तावन्न साली सरकारने ठरवलं. चौकीतले कारकून गुणवंतराव तो आकडा वहीत लिहीत आणि पुढे चांद्याच्या कचेरीला कळवत, म्हणजे तिथून खालच्या गावांना पुराचा इशारा जाई.

बेटावर येणारी तार सावरीच्या झाडावरून नदी ओलांडत होती आणि माकडं तिच्यावर झोके घेत. त्यामुळे महिन्यातून चार दिवस टेलिफोन बोले आणि उरलेले दिवस मनसारामची बायको गोकुळा बोले. मनसारामचा आवाज स्वतःच्या अंगणाबाहेर जात नसे. गोकुळा मात्र बाजारात मासे विकणारी. मधलं तीनशे हात पाणी तिच्या गळ्याला काहीच नव्हतं.

"आठ फूट दोन इंच जीऽऽ!"

पलीकडे चौकीच्या खिडकीत गुणवंतराव रिसीव्हर कानाला लावून बसलेले दिसत. वहीत 'टेलिफोनद्वारे' असा रकाना होता. रिसीव्हर कानाशी असला, मग तो मेलेला का असेना, की तो रकाना भरताना त्यांना खोटं लिहिल्यासारखं वाटत नसे.

"बाबू, तो भोंगा खाली ठेवा न जी! कानाले घाम येत असन!"

"नियम आहे, बाई!" गुणवंतराव ओरडत.

"मंग नियमालेच इचारा, पाणी किती हाय थे!"

घाटावरच्या बायका हसत. गुणवंतरावांचे कान लाल होत, पण रिसीव्हर काही खाली येत नसे.

तीन अर्जांनंतर एकदा तारवाला आला. त्याने दिवसभर खपून तार जोडली, गोकुळाच्या हातचं जेवला आणि डोंग्यात बसून परत निघाला. तो पलीकडे उतरायच्या आतच टेलिफोन बंद पडला होता.

पुढच्या वर्षी श्रावणात वरच्या मुलखात चार दिवस पाऊस कोसळला. इकडे पाऊस उघडला होता, पण पाचव्या दिवशी सकाळी नदी अशी घोंघावत होती की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळेना. डोंगा टाकायची सोय नव्हती. टेलिफोन मुकाच. गोकुळा काठावर येऊन घसा फोडून ओरडली. गुणवंतरावांनी पहिल्यांदाच रिसीव्हर टेबलावर टाकला, बाहेर धावत आले आणि कानामागे हात धरून उभे राहिले. पण काही ऐकू येईना. खालच्या गावांना निरोप द्यायचा होता. चांद्याकडची तार सुदैवाने चालू होती, पण कळवायला आकडाच नव्हता. थोड्या वेळाने धुकं आलं आणि बेटही दिसेनासं झालं.

धुकं विरलं तेव्हा बेटावर मोहाच्या दोन झाडांमध्ये लांबलचक दोरी ताणलेली होती आणि तिच्यावर लुगडी फडफडत होती. हिरवी, लाल, निळी.

"एवढ्या पुरात कपडे धुऊन राह्यली का ही बाई!" गुणवंतराव पुटपुटले.

पण दोरीजवळ उभी राहून गोकुळा एकेका लुगड्याला हात लावत होती आणि मग खांबाकडे बोट दाखवत होती. गुणवंतरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी लुगडी मोजली. चौदा. शेवटी चार लहान चिरगुटं. चौदा फूट चार इंच! ते आत धावले आणि चांद्याला आकडा कळवला.

पाणी ओसरल्यावर गुणवंतराव गूळ घेऊन पहिल्यांदाच बेटावर आले. गोकुळाने त्यांना भात आणि माशाचं कालवण वाढलं. शेजारची सुकरी बघायला येऊन बसली.

"आठही घरचे लुगडे गोळा केले जी," गोकुळा म्हणाली. "चौदा लुगडे अन् तीन चिरगुटं."

"तीन? मी चार मोजली."

सुकरी तोंडाला पदर लावून हसू लागली. "चौथं माह्या नातवाचं लंगोट व्हय, बाबू. थे खरंच वाळू घातलं होतं."

गुणवंतरावांचा घास हातातच राहिला. "म्हणजे मी एक इंच जास्त कळवला!"

"कोणाचं काई बिघडलं का जी?" मनसारामने हळूच विचारलं.

"नाही. खालच्या दोन गावांनी गुरंढोरं वर नेली. सगळे सुखरूप आहेत."

"मंग जेवा न!" गोकुळा म्हणाली. "लंगोटानं बी सरकारी काम केलं म्हणायचं."

सगळे हसले. गुणवंतरावही हसले. मग भात कालवत, मान खाली घालूनच म्हणाले, "धुक्यात बेट दिसेना, तेव्हा मला वाटलं, बुडालं. फार भ्यालो मी, बाई."

गोकुळाने उठून त्यांच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला.