अखंड वेटोळं

“माणसाच्या निम्म्या आजारांचं मूळ एकच आहे,” मिस्त्री म्हणाले. “आजवर भाजी चुकीच्या आकारात चिरली गेली.”

हे वाक्य त्यांनी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून, टेबलाच्या कडेला आवळलेल्या नव्या यंत्राच्या मुठीवर हात ठेवून उच्चारलं आणि मूठ फिरवली. यंत्रातली झुकिनी, ती काकडीसारखी परदेशी भाजी, दात्यांतून सुटली, टेबलावरून उडाली आणि फ्रिजखाली जाऊन दिसेनाशी झाली.

बायको दारात उभी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे नेमकं काय घडलं ते तिला दिसलं नाही. आवाज मात्र ऐकू आला.

“काय पडलं हो?”

“काही नाही. चाचणी चालू आहे.”

चाचणीचा पुढचा भाग मिस्त्रींनी पालथं पडून फ्रिजखाली झाडू फिरवण्यात घालवला.

मिस्त्री हे लेथवरचे कामगार. उभा जन्म पंपांचे दांडे कातण्यात गेला. सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणे, त्यांची सख्खी सासूसुद्धा. गेल्या वर्षी कारखान्यानं हातात घड्याळ देऊन त्यांना घरी पाठवलं. ज्याला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही, त्यालाच घड्याळ का देतात, हे कोडं त्यांना अजून उलगडलेलं नव्हतं. तेव्हापासून ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून शेजारपाजारच्या मिक्सरांचे आवाज ऐकत आणि कुणाचं बेअरिंग कधी जाणार याचं भविष्य वर्तवत. भविष्य बहुतेक खरं ठरे. आभार कुणी मानत नसे.

बायकोचे हात वेगळ्या कामात मुरलेले. कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला रफूचं काम तिच्याकडे पाठवी. कोटाला सिगारेटनं भोक पडलेलं असो की बाही खिळ्याला अडकून फाटलेली असो, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढून असं काही विणून टाके, की मालकाला स्वतःचंच भोक सापडत नसे. आता मात्र बाहेरच्या खोलीत दांडीवर कोट नुसते लटकून होते. लाँड्रीवाला येई, कोटांकडे बघे, “काकू, घाई काहीच नाही” म्हणे, आणि निघताना पुन्हा एकदा कोटांकडे बघे. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं “घाई नाही” म्हटलं नाही. दांडीवरचे दोन कोट तेवढे उचलून नेले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. रक्तातली साखर खाली आल्याशिवाय त्या डोळ्याला हात लावणार नव्हत्या. महिन्याभरानं पुन्हा दाखवायचं ठरलं होतं. त्यानंतर चारच दिवसांनी बायकोनं चहाचं उकळतं पाणी कपाऐवजी आपल्या मनगटावर ओतलं. कप सरकला, असं ती म्हणाली. कप जागच्या जागी होता, हे मिस्त्रींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून ती खोलीतून खोलीत जाताना बोटांनी भिंत चाचपे आणि मिस्त्री खुर्चीत बसून श्वास रोखत. उंबरा आला. ओलांडला. सुटलो.

अशा वेळी परगावच्या लेकीनं कुरिअरनं ते यंत्र पाठवलं. फोनवर, दोन मीटिंगांच्या मधल्या फटीत, तिनं सगळं समजावून सांगितलं. भात बंद, पाव बंद, नूडल्स बंद. त्यांच्या जागी भाजीची अशी लांब वेटोळी काढायची, लसूण घालून तेलावर परतायची, वर अंडं नाहीतर थोडं चीज. आईचं पोट भरेल आणि साखर चढणार नाही.

“का चढणार नाही ते सांगू का, बाबा?” लेकीनं विचारलं.

“मला नको शिकवू,” मिस्त्री म्हणाले.

कारण त्यांना ते आधीच समजलं होतं. लेथवर लोखंड कापताना भयंकर उष्णता निघते, पण दांडा तापत नाही. उष्णता जाते ती सुटणाऱ्या सालीबरोबर. भाजीचंही तेच. वेटोळं सुटलं की साखर सुटली. जेवताना त्यांनी बायकोला हे तत्त्व सविस्तर सांगितलं.

ती थोडा वेळ चावत राहिली. मग म्हणाली, “पण आपण तर सालच खातोय.”

“आता लेथ तू मला शिकव,” मिस्त्री म्हणाले आणि विषय संपला.

यंत्र म्हणजे छोटा लेथच होता. एका टोकाला दाते, दुसऱ्या टोकाला पातं, मधे भाजी. पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींनी त्याचं पातं काढून सहाणेवर घासलं आणि मुठीच्या दांड्याला तेल दिलं. मग एकेक भाजी लावून पाहिली. गाजर बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जातीचं निघालं, नुसता भुगा पाडायचं. मुळा मधेच पोकळ. झुकिनी दिसायला देखणी, पण आतून पाणीदार. दोन फेरे नीट देई आणि तिसऱ्याला तुटे. लेथवर सारखी तुटणारी साल म्हणजे कारागिराची बेअब्रू. मिस्त्री कावले.

मग त्यांनी बटाटा लावला.

बटाटा म्हणजे मऊ पोलाद. एक लांबलचक, एकसारखी, चकचकीत साल पात्यावरून जी निघाली ती थांबेचना. टेबलाच्या कडेवरून खाली आली, त्यांच्या पायाशी वेटोळं घालून बसली. मिस्त्री बघत राहिले. डॉक्टरांनी बटाटा बंद केलाय हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण तो फोडींचा बटाटा. हा वेगळा. मनात शंकेचा जो कण उरला होता तो वेटोळं पाण्यात बुडवल्यावर गेला. पाणी पांढरं झालं, लेथवर पात्याला गार ठेवायला सोडतात त्या दुधाळ पाण्यासारखं.

“ही बघ,” ते बायकोला म्हणाले, “साखर निघाली.”

बायकोनं पातेल्याच्या दिशेनं पाहिलं.

त्या दिवसापासून घरात रोज बटाट्याची वेटोळी होऊ लागली. कधी लसणावर, कधी टोमॅटोच्या रसात, कधी अंड्याखाली. मिस्त्री मूठ फिरवताना शीळ घालत. बायको ताट चाटूनपुसून खाई आणि कधीकधी अजून थोडं मागे. इतकं मन लावून जेवताना त्यांनी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

सकाळी मात्र शीळ बंद होई. ते तिचं बोट टोचत, थेंब पट्टीवर घेत, आणि साखर मोजायच्या यंत्रावर आकडा उमटेपर्यंतचे क्षण त्यांना कारखान्यातल्या तपासनिसासमोर उभं असल्यासारखे जात. आकडा उतरत नव्हता. एका आठवड्यानं तो चढला. पुढच्या आठवड्यात आणखी चढला.

मिस्त्रींनी त्या यंत्राची बॅटरी बदलली. मग स्वतःचं बोट टोचून पाहिलं. यंत्र ठीक होतं.

उरला एकच निष्कर्ष. बायको चोरून खातेय.

त्यांनी पाळत सुरू केली. ती अंघोळीला गेली की ते शिवणाची पेटी उघडत, रिळांखाली हात घालत. उशीच्या अभ्र्यात पाहिलं, तिच्या पर्समध्ये पाहिलं, लटकणाऱ्या कोटांचे खिसेसुद्धा चाचपले. एका कोटात सुटलेली गोळी मिळाली तेव्हा त्यांनी ती विजयानं नाकाशी धरली, पण ती डांबराची होती. शेवटी त्यांना स्वतःच्या हत्यारांच्या पेटीची आठवण झाली. पान्ह्यांच्या खालच्या कप्प्यात त्यांनी आपल्यासाठी क्रीमच्या बिस्किटांचा डबा दडवला होता. तो जसाच्या तसा होता. त्यांनी खात्री करून घेण्यासाठी एक खाल्लं आणि पेटीला कुलूप घातलं.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी आकडा एवढा वर गेला, की मिस्त्रींचा धीर सुटला.

“खरं सांग,” ते म्हणाले. “माझ्या पाठीमागे काय खातेस?”

ती कोटाच्या बाहीवरून बोटं फिरवत बसली होती. भोक बोटांना सापडत होतं, सुईत दोरा मात्र जात नव्हता.

“तुम्ही देता तेच,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वाटलं. भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना त्यांनी जेवणाचा डबा बरोबर घेतला. आपली बाजू पुराव्यानिशी मांडावी, हा हेतू. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि आजी काय खातात असं विचारलं. मिस्त्रींनी झाकण उघडलं. आत सोनेरी वेटोळं घड्याळाच्या स्प्रिंगसारखं बसलं होतं.

“छान आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कशाचं?”

“बटाट्याचं. एकसंध. कुठेही जोड नाही.”

डोक्यावर पंखा कुरकुरत होता. त्याचंही बेअरिंग चाललं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

“आजोबा,” त्या हळू म्हणाल्या, “बटाटा कसाही कापला तरी बटाटाच राहतो. वेटोळी झुकिनीची खायची, काकडीची खायची. त्यात पिष्ट कमी असतं म्हणून.”

ऑपरेशन दीड महिना पुढे गेलं. बायको भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड करून बसली होती. त्यातलं सगळ्यात वरचं, हातभर अक्षरही तिला दिसत नव्हतं. तरी ती असं बघत होती, जणू शेवटची ओळ वाचतेय.

घरी परतताना मिस्त्री बसमध्ये डबा मांडीवर धरून बसले. तीन थांबे गेले. आपण तर सालच खातोय, असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

“तुला माहीत होतं?” अखेर त्यांनी विचारलं.

“डोळे गेलेत. जीभ कुठे गेलीय?”

“मग बोलली का नाहीस? मी तुझी पेटी, कोटांचे खिसे तपासत फिरलो.”

“कळत होतं मला. रिळं रोज उलटी लावायचात.” ती खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे उजेडाकडे. “वर्षभर त्या खुर्चीत बसून होतात. कुणाशी धड बोलणं नाही. मला वाटायचं, डोळे माझे जातायत आणि माणूसही जातोय. मग ती मूठ फिरवताना शीळ घालायला लागलात. म्हटलं, चार दिवस चालू दे. मग चारचे आठ झाले.”

मिस्त्रींनी मांडीवरच्या डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं.

“आणि खोटं कशाला बोलू,” ती म्हणाली. “बटाटा मला फार आवडतो.”

पुढचा दीड महिना मिस्त्रींनी शीळ घातली नाही. त्यांनी झुकिनी घेतली. पातं रोज घासलं, मूठ फिरवायचा वेग कमी केला, दाब हलका केला. वेटोळं तुटतच राहिलं. ते तुटके तुकडे गोळा करत, मीठ लावून पाणी सोडू देत, फडक्यात पिळत आणि मोठ्या आचेवर परतत. काकडी, कोबी, पालक, अंडी. चुकून कुठे काही गोड गेलं तर, या भीतीनं ते टोमॅटोसुद्धा संशयानं हुंगत. क्रीमच्या बिस्किटांचा डबा त्यांनी नेऊन लाँड्रीवाल्याला दिला आणि उरलेल्या कोटांना थोडी मुदत मागितली. त्यानं डबा ठेवून घेतला, “बघू” म्हणाला. ते ‘बघू’ ऐकून मिस्त्रींना दोन दिवस जेवण गेलं नाही.

आकडा उतरू लागला तसा त्यांचा विश्वास त्याच्यावरूनच उडाला. आज उतरला, उद्या चढेल. पुन्हा टोचू का, असं विचारत. बायको म्हणे, बोट शिल्लक ठेवा, सुई धरायची आहे. ऑपरेशनच्या सकाळी हात तिचा धरलेला होता आणि धीर ती मिस्त्रींना देत होती. शेवटी परिचारिकेनं त्यांनाच खुर्ची आणून दिली.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली आणि काही दिवसांनी तिला जवळचा चष्मा मिळाला. त्या दुपारी ती बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसली, दांडीवरचा पहिला कोट मांडीवर ओढला आणि सुई उजेडाकडे धरली. दोरा पहिल्या झटक्यात गेला.

आत स्वयंपाकघरात मिस्त्री मूठ फिरवत होते. तेव्हाच ते घडलं. झुकिनी दोन फेऱ्यांनी तुटली नाही, तिसऱ्यालाही नाही. हिरवी-पांढरी साल पात्यावरून उतरत राहिली, जवळजवळ देठापर्यंत. मिस्त्रींनी ती दोन्ही तळव्यांवर अलगद उचलली आणि बाहेर आणली. जे सांगायचं होतं ते त्यांनी इतके दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. खिशांबद्दल, रिळांबद्दल, त्या मनगटाबद्दल. आता खिडकीसमोर, तिच्या अगदी पुढ्यात उभे राहिले तर त्यातलं एक अक्षर आठवेना. त्यांनी नुसते हात पुढे केले.

“अखंड आहे,” ते म्हणाले. “झुकिनीची.”

तिनं चष्मा नाकावर सरकवला. वेटोळ्याचं टोक चिमटीत धरलं आणि कापडाचा पोत बघावा तसं इंच इंच पुढे सरकवत गेली. शेवटाकडे एका ठिकाणी थांबली.

“इथे तुटली होती. टोकावर टोक ठेवून चिकटवलीत.”

मिस्त्रींनी तो जोड स्वयंपाकघरात भर उजेडात, स्वतःच्या धडधाकट डोळ्यांनी चारदा तपासला होता. त्यांना स्वतःलाच तो सापडला नव्हता. चोरी पकडली गेल्याचा इतका आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. काहीतरी मोठं बोलावं म्हणून त्यांनी घसा खाकरला.

“अहो,” ती सुई वर धरून म्हणाली, “जरा उजेडातून बाजूला व्हा.”