डाव्या पायातली चप्पल

जिन्न उतरवणाऱ्या शेख अब्दुल-मुईनच्या अंगणात सकाळीच जत्रा भरली होती. मधोमध पडला होता शौकी, उसाच्या मळ्यावरचा मुकादम. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं बोबडं. आठ वाजता त्याच्या हातातून चहाचा पेला निसटला आणि साऱ्या गावाने निदान करून टाकलं, की जिन्नाने त्याच्या थोबाडीत मारली.

"थपडेला उतारा थपडेचाच! घरच्या बाईची डावी चप्पल आणा," शेख गरजला. शौकीच्या बायकोने, इन्साफने, पायातली काढून दिली.

पहिल्याच फटक्यात ओठ फुटला, दहाव्याला नाकातून रक्ताची धार लागली.

"ओरडतोय तो तुझा नवरा नव्हे, जिन्न आहे," शेख तिला बजावत होता. "पाय दाबून धर. सुटला तर तुझ्याच मानगुटीवर बसेल!"

तिने डोळे मिटून पाय धरले. मग छडी निघाली. शौकी तडफडला आणि त्याचं डोकं दगडी उंबऱ्यावर दाणकन आपटलं. शेखने त्याच्या टाचेशी एक पोटली ठेवून मंतरलेलं पाणी ओतलं. भसाभस वाफा निघाल्या.

"निघाला! जिन्न जळाला!" गर्दीला कोण आनंद!

इतक्यात शौकीची बहीण वहीबा गर्दी फोडत आत घुसली. ती शहरातल्या दवाखान्यात नर्स. मनगटावर छडी बसली तरी तिने पोटली हिसकावली, उलगडली. आत कळीचा चुना. तिने कुणाचा तरी अर्धा पेला चहा त्यावर ओतला, तर पुन्हा वाफाच वाफा.

"चहातही जिन्न होता का रे, लबाडा?"

"पण बदीयाचं वाकडं तोंड इथेच सरळ झालं ना गेल्या महिन्यात?" कुणीतरी म्हणालं.

बदीयाची सासू चाचरत बोलली, "ते इथे येताना रिक्षातच झालं होतं गं. आलोच होतो, म्हणून मार खाऊन गेलो."

"तिची रक्ताची गुठळी आपोआप सुटली," वहीबा म्हणाली. " याची मेंदूत अडकलीय. रक्ताविना मिनिटाला लाखो पेशी मरताहेत. साडेचार तासांच्या आत औषध देता येतं. वहिनी, रडू नका, उचला!"

सव्वादहाला दवाखाना गाठला. डॉक्टरने घड्याळ पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. मग मेंदूच्या तपासणीचं चित्र हाती आलं आणि त्याने काढलेलं औषध बाजूला ठेवलं.

"वेळेत आणलंत. पण डोक्याला मार लागून आत रक्त साकळलंय. आता गुठळी विरघळवायचं औषध दिलं तर जीवच जाईल."

"मग काय वाचवणार?" इन्साफने विचारलं.

"जेवढं उरलंय तेवढं."

शौकी जगला. हात गेला, बोलणंही गेलं. शेख चार दिवस कोठडीत बसून परत आला, आणि महिन्याभरात वाकड्या तोंडाच्या एका म्हातारीला घेऊन रिक्षा त्याच्या दाराशी थांबली. दारात इन्साफ उभी होती, हातात तीच चप्पल.

"हिनेच मी माझ्या माणसाला मुकं केलं," ती म्हातारीच्या लेकाला म्हणाली. "पाय मीच धरले होते. बाबा रे, तोंड वाकडं झालं, हात पडला, की घड्याळ बघायचं आणि दवाखाना गाठायचा. आधी कुणालाही विचारायचं नाही. कधीपासून झालंय हे?"

"अर्धा तास."

"मग माझ्याशी काय बोलत बसलायस? फिरव रिक्षा!"

शेख आतून शिव्या देत राहिला. रिक्षा वळून शहराच्या रस्त्याला लागली.