हुकुमानं थांबलेली मोटर

चांदपाशा मिस्त्रींना जळालेली मोटर ओळखायला ती उघडावी लागत नसे. नांदेडच्या त्यांच्या दुकानापुढं टेम्पो थांबला की ते आतूनच वास घेऊन सांगत, "वाइंडिंग गेलं, उतरवून ठेवा." सहासष्ट वर्षांच्या माणसाचे नाक-कान एवढे शाबूत कसे, याचं गिऱ्हाइकांना नवल वाटे. मिस्त्रींना वाटत नसे. पन्नास वर्षं माणूस एकच काम करत राहिला तर कान दुसरं काही शिकणार कधी?

लातूरहून हुमाचा फोन आला तेव्हाही त्यांनी मोजकंच विचारलं.

"नाना, मोटर आपोआप बंद पडून राहिली. चार दिवसांत नऊ वेळा."

"आपोआप काही पडत न्हाई, बेटा. लाईट होती?"

"होती."

"मोटर गरम?"

"न्हाई. आणि दोनदा तर टाकी भरलेली असताना चालू झाली. सगळं पाणी वाहून गेलं."

मिस्त्रींनी हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाले, "येतो मी," आणि संध्याकाळच्या एसटीत बसले.

हुमा त्यांची नात, त्यांच्या लेकीची, दिलशादची मुलगी. लहानपण तिनं नानाच्या दुकानात, तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यांत काढलेलं. पहिलीत असताना ती पाटीवर अक्षरं गिरवी आणि शेजारी बसून नानाही गिरवत. तोवर त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. त्या पाटीवर ते जे वाचायला शिकले ते तसंच राहिलं. दुकानाची पाटी असो की औषधाची चिठ्ठी, ते एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारून वाचत, आणि एकही गाळत नसत.

आता हुमा चोवीस वर्षांची होती. आयटीआय करून लातूरच्या एका कंपनीत लागली होती. कंपनी गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटरींना मोबाईल स्टार्टर बसवून देई. भिंतीवरचा डबा, त्याच्यात एक सिमकार्ड. कुठूनही त्या नंबरवर फोन लावायचा, चार आकडी कोड दाबायचा, मग एक दाबलं की मोटर चालू आणि तीन दाबलं की बंद. पंप चालवणाऱ्या माणसाची विहिरीपर्यंतची पायपीट वाचली. किल्लारीच्या आजूबाजूला भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या अकरा गावांत हुमानं हे डबे एकटीनं बसवले होते. अकरावं गाव चिंचवाडी. बंद पडत होती ती चिंचवाडीची मोटर.

"गुरुवारी तीन वाजता माझे साहेब, रविकांत सर, येणार हायेत," सकाळी किल्लारीच्या बसमध्ये हुमा म्हणाली. "फिटिंगची चूक निघाली तर माझं साइटवरचं काम संपलं, असं स्पष्ट सांगितलंय त्यांनी."

"गुरुवार कधी?"

"आजच हाय, नाना."

"मग लई वेळ हाय," मिस्त्री म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

चिंचवाडीच्या विहिरीवर सरजाबाई वाट बघत उभ्या होत्या. त्या गावच्या पंपचालक. पन्नाशीच्या, काटक, कमरेला मोबाईलची पिशवी खोचलेली.

"आली का गं बाई? हा कोण, मोठा इंजिनेर?"

"माझे नाना हायेत."

"बरं झालं, घरचंच माणूस आणलंस. माय, ह्या डब्यापरीस माझे पाय बरे व्हते. पायांनी मला कवा धोका दिला न्हाई. गावातल्या बाया मला म्हणून राहिल्या, सरजे, तू झोपा काढतीस. टाकीत आज दोन फूट पाणी हाय बघ."

"मोटर चालू करा, बाई," मिस्त्री म्हणाले.

सरजाबाईंनी फोन लावला, आकडे दाबले. डब्यावरचा निळा दिवा लुकलुकला, आतून खट् आवाज आला आणि दहा हॉर्सपॉवरची मोटर सुरू झाली. मिस्त्रींनी पायातल्या चपला काढल्या, पंपघराच्या फरशीवर मांडी घातली आणि डोळे मिटले. हुमा मीटर घेऊन पुढं झाली, तसा त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

पाऊण तास गेला. सरजाबाईंनी घरून चहा आणला. मिस्त्री चहा प्यायले, पण डोळे मिटूनच. आणि अकरा वाजायच्या सुमाराला मोटर थांबली.

"बघा! बघा!" सरजाबाई ओरडल्या. "मी हात तरी लावला का?"

मिस्त्रींनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर भलतंच समाधान होतं.

"हुमा, वोल्टेज कमी झालं तर मोटर कशी थांबती?"

"आधी कण्हते."

"एक फेज गेला तर?"

"गुरगुरते, मग ट्रिप होते."

"आणि आत्ता?"

हुमा विचारात पडली. "आत्ता... काहीच न्हाई. सरळ थांबली."

"मोटर दमून थांबली न्हाई, बेटा. हुकूम मानून थांबली. थांबायच्या आधी त्या डब्यावर निळा दिवा लुकलुकला का न्हाई ते सांग. माझे डोळे मिटलेले व्हते, पण आत बारीक टिकटिक झाली ती मी ऐकली."

"हाव, लुकलुकला की," सरजाबाई म्हणाल्या. "मला वाटलं तो असाच लुकलुकत असतोय."

"तो फोन आल्यावरच लागतो," हुमा हळूच म्हणाली.

नंबर गावात दोघांकडं होता. सरजाबाईंचा फोन कमरेलाच होता. दुसरे सरपंच. हुमानं त्यांना फोन लावला, तो त्यांच्या बायकोनं उचलला. सरपंच औशाला दातांच्या डॉक्टरपुढं आ वासून बसले होते, आणि त्यांचा फोन सकाळपासून बाईंच्या पर्समध्ये होता.

"मग तिसरा कोण हाय?" मिस्त्रींनी विचारलं. "तू ह्या मोटरीबद्दल कुणाला बोललीस?"

"कुणालाच न्हाई."

"कुणाला विचारलंस तरी? अडलं की तू विचारतीस. तुझी सवय मला ठाऊक हाय, चांगली सवय हाय."

हुमानं मोबाईल काढला. दहा दिवसांपूर्वी याच डब्याची वेगळी तक्रार होती. लाईट जाऊन परत आली की मोटर स्वतःहून सुरू होत नव्हती. तेव्हा तिनं इंटरनेटवरच्या एका फोरमवर प्रश्न टाकला होता. देशभरातले मोटरींचे पॅनल बसवणारे तिथं एकमेकांना अडचणी विचारत, आणि कुणीही ते उघडून वाचू शके. चेन्नईच्या एका अनुभवी माणसानं वीस मिनिटांत उत्तर दिलं होतं, वेळेची सेटिंग वाढवा. सेटिंग वाढवली आणि तक्रार मिटली. हुमाला त्या दिवशी आपण जगाच्या बरोबरीनं बसलो असं वाटलं होतं.

मिस्त्रींनी चष्मा लावला, मोबाईल दोन्ही हातांत धरला. मजकूर इंग्रजीत होता, तो त्यांनी सोडून दिला. फोटोवर आले. डब्याचं दार उघडून आतल्या भागाचा काढलेला फोटो. जोडणी नीट दिसावी म्हणून हुमानं तो चांगल्या उजेडात काढला होता.

"चिं-च-वा-डी," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "पा-णी-पु-र-व-ठा. हे दाराच्या आतल्या अंगाला रंगानं लिहिलंय. त्याच्याखाली नऊ... चार... दोन..."

ते एकेक आकडा म्हणत गेले. सहाव्या आकड्याला हुमानं तोंडावर हात ठेवला. तो सिमकार्डाचा नंबर होता. सरजाबाईंना सापडावा म्हणून तिनंच तो ऑइलपेंटनं दारावर घातला होता.

मिस्त्री थांबले नाहीत. "हा शेजारी कागद चिकटवलाय. अकरा गावांची नावं हायेत. नावापुढं नंबर. आणि खाली मोठ्या अक्षरात, को-ड. एक, नऊ, नऊ, तीन."

त्या मुलखात भूकंपाचं हे साल कुणाला पाठ करावं लागत नाही. म्हणूनच रविकांत सरांनी अकराही गावांना तोच कोड ठेवायला सांगितला होता, कुणी विसरणार नाही म्हणून.

"म्हंजे कुणीबी रिकामटेकडा कुठंबी बसून माझी मोटर बंद करून राहिला?" सरजाबाईंनी विचारलं. "आणि शिव्या मी खाऊन राहिले?"

हुमानं मोबाईल परत घेतला. "नाना, मी पोस्ट काढून टाकते. कोड बदलते. सर यायच्या आत सगळं होईल. सिमकार्ड खराब होतं म्हणून सांगू. तुम्ही सांगितलं तर ते मानतील."

"मानतील," मिस्त्री म्हणाले. "पोस्ट काढली की ज्यानं बघितली त्याच्याकडनं जाती का?"

"न्हाई."

"आणि बाकीची दहा गावं?"

बाकीच्या डब्यांचे कोड लांबून बदलायची सोय फक्त रविकांत सरांच्या फोनवर होती.

"ऐक," मिस्त्री म्हणाले. "मी तुझ्याएवढा असताना एका कापसाच्या जिनिंगची जळालेली मोटर भरली, सगळी तार नव्यानं वेढली. तशी मोटर पुन्हा कधी बघितली न्हाई. हॉटेलात बसून चार मिस्त्र्यांना सगळं सांगितलं. केबल किती जाडीची, कुठल्या खोलीत, राखणदार कधी जेवायला जातो तेबी. बाजूच्या टेबलावर कोण बसलंय ते बघितलं न्हाई. तीन दिवसांनी केबल चोरीला गेली. त्या मालकासमोर जाऊन मीच सांगितलं की हे माझ्या तोंडातून गेलं. त्यानं दोन कानफाडात दिल्या आणि पुढची तीस वर्षं मोटरी माझ्याकडंच पाठवल्या. तेव्हापासून मी विचारायचं सोडलं न्हाई. पण विचारताना मोटरीच्या नेमप्लेटवर फडकं टाकतो. तारेचे किती वेढे, किती जाडी, खुशाल विचार. कुणाची मोटर, ते कशाला?"

हुमानं ओढणीची किनार बोटांना गुंडाळली, सोडली, आणि रविकांत सरांना फोन लावला.

"सर, चूक सापडली. माझी आहे." तिनं एका दमात सगळं सांगितलं. "तुमच्या फोनवरून बाकी दहा कोड आत्ता बदलावे लागतील. तीन वाजेपर्यंत थांबू नका."

पलीकडं कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग, "सगळं लिहून ठेव. मी येतो," एवढंच म्हणून फोन बंद झाला.

हुमानं चिंचवाडीचा कोड बदलला आणि मोटर चालू केली. मग पंपघराच्या उंबऱ्यावर बसून वहीच्या पानावर कबुलीचा अर्ज लिहायला घेतला. दीड वाजता निळा दिवा लुकलुकला. तिघंही डब्याकडं बघू लागले. दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. मोटर चालूच राहिली.

"लाव! लाव की फोन!" सरजाबाई डब्यासमोर हात नाचवत म्हणाल्या. "बॅलन्स संपेस्तोवर लाव, मुडद्या!"

दिवा पाच वेळा लागला. टाकी भरत गेली.

तीनला दहा मिनिटं कमी असताना रविकांत सरांची गाडी आली. चाळिशीचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेले, गाडीतून उतरतानाच बोलू लागले. "आणखी दोन गावांत कालपासून हेच चाललं होतं. ते लाईटला शिव्या देत बसले होते. कोड बदलून झाले." मग त्यांनी हात पुढं केला. हुमानं अर्ज दिला. त्यांनी तो उभ्यानं वाचला, दोनदा वाचला.

"सगळीकडं एकच कोड ठेवायला मी सांगितलं होतं. ते यात नाही."

"माझी चूक लिहायची होती, सर. तुमची लिहायचा मला काय हक्क?"

"डोळ्यात पाणी आणून लिहिलंस की ताठ मानेनं?"

"अक्षर बघा ना, सर. कुठं हललंय का?"

मिस्त्री खोकल्यासारखं करून हसले. रविकांत सरांनी त्यांच्याकडं बघितलं, खिशातलं पेन काढलं, गाडीच्या बॉनेटवर अर्ज ठेवला आणि खाली दोन ओळी स्वतःच्या हातानं लिहून सही केली.

"हे आता असंच वर जाईल," ते म्हणाले. "महिनाभर तुला नवं फिटिंग नाही. उद्यापासून अकरा गावं फिरायची, नवी सिमकार्डं टाकायची, प्रत्येकाला वेगळा कोड द्यायचा आणि दारांवरचे नंबर तुझ्याच हातानं पुसायचे. ते झाल्यावर बारावं गाव तुझंच आहे. तुझ्याइतकी साफ जोडणी माझ्याकडं दुसरं कोणी करत नाही, हे मी आज सांगणार नव्हतो."

"मग नंबर मी कुठं ठेवू?" सरजाबाईंनी विचारलं.

"पाठ करा, बाई."

"पाठ? मला अख्ख्या गावाची सोयरीक पाठ हाय. दहा आकड्यांची काय कथा!"

महिन्याभरानं हुमा नांदेडला आली. दुकानात दुपारची सामसूम होती. तिनं नानापुढं मोबाईल धरला. फोरमवर तिनं नवं काहीतरी टाकलं होतं, या वेळी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. लाईट आल्यावर मोटर सुरू होत नसेल तर सेटिंग कशी लावायची, ते तिनं हातानं चित्र काढून समजावलं होतं. फोटो एकही नव्हता. त्या चेन्नईच्या माणसाचे आभार मानले होते.

मिस्त्रींनी चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं. खूप वेळ लागला. दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, त्यांना त्यांनी बोटानं थांबवलं. शेवटचं अक्षर झाल्यावर ते पुन्हा चित्रावर गेले, कोपरे बघितले, खाली-वर केलं.

"हे कुठल्या गावच्या मोटरीचं हाय?"

"कळलं न्हाई ना?"

"न्हाई."

"पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा बघितलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि उभ्या गिऱ्हाइकांकडं वळले.

"जमलं," ते म्हणाले. "हाव, बोला, काय जळालं?"