उभ्यांची गणती नाही

मी एक जुनी सतरंजी आहे. जुनी म्हटले म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या घरातल्या त्या फुलाफुलांच्या प्लास्टिकच्या चटया दोन उन्हाळ्यांत तुकडे तुकडे होतात, आणि मी चव्वेचाळीस वर्षे आख्ख्या वस्तीचे वजन सोसते आहे. लिहितावाचता मला येत नाही. पण बसण्यावरून माणूस ओळखावा तो मीच. घट्ट मांडी घालून बसतो तो कामाचा. एका अंगावर रेलून सारखा रस्त्याकडे बघतो तो चहा झाला की पसार होणार. आणि बसल्या बसल्या माझे दोरे उपसत राहतो त्याला काहीतरी बोलायचे असते, पण धीर होत नसतो. अशा अनेकांनी माझे दोरे उपसले आहेत. राग नाही माझा. पण बोलले असते तर बरे झाले असते.

माझी जन्मदाती एक विणकर बाई. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा खणून तिचा माग बसवला होता. खड्ड्यात पाय सोडून ती बसायची आणि कंगव्यासारख्या लोखंडी पंजाने सूत ठोकायची. शेजारी तिची सून. सुनेचा हात जरा ढिला पडला की ही कडाडायची, "ठोक नीट! हिच्यावर माणसं बसणारेत, माश्या नाही." त्या माउलीचे उपकार मी कसे विसरू? तिने मला पंधरा हात लांब आणि नऊ हात रुंद विणले, निळे पट्टे, लाल पट्टे, आणि असे घट्ट विणले की माझ्यावर पाणी सांडले तर आत शिरायला परवानगी मागते.

मला विकत घ्यायला आठ पोरे आली. नुकती मिसरूड फुटलेली, सगळी लेथवर नाहीतर गॅरेजात काम करणारी. त्यांचा पुढारी काटकुळा, पण आवाज असा की कौलावरची कबुतरे उडाली. त्या आठ जणांनी मला खांद्यावर घेऊन वस्तीत आणले. वस्तीला नळ नव्हता, दिवे नव्हते. पोरांनी ठरवले होते की सगळ्यांनी एका जागी बसायचे, बोलायचे, ठराव करायचा आणि तो पालिकेत नेऊन द्यायचा. बसायला जागा म्हणजे भर गल्ली, आणि गल्लीत अंथरायला मी.

पहिल्या सभेत एक गंमत झाली. नळ कुठे हवा, यावर हात वर करायचे होते. रस्त्याने जाणारे येणारेही थांबून तोंड वासून बघत होते. मोजणी झाली तेव्हा वस्तीत माणसे जितकी, त्याहून हात जास्त! एका फुगेवाल्यानेसुद्धा हात वर केला होता. त्याला विचारले तर म्हणाला, "सगळ्यांनी केला, म्हटलं आपणही करावा."

तेव्हा त्या काटकुळ्या पुढाऱ्याने नियम केला. जो सतरंजीवर बसेल त्याचीच गणती. उभ्यांची नाही. नियम चांगला होता, मी स्वतः सांगते. चपला काढून माझ्यावर टेकला तो वस्तीचा. बाकीचे बघे.

मग काय दिवस होते, मित्रांनो! माझ्यावर बसून नळ आला. माझ्यावर बसून खांबांवर दिवे आले. दवाखान्याची डॉक्टरीणबाई आली तेव्हा तिनेही माझ्यावरच बसून पोरांना सुया टोचल्या आणि मी चाळीस पोरांचे भोकाड एका दुपारी ऐकले. लोक म्हणायचे, सतरंजी अंथरली की काम झालेच. मी फुगायचे. फुगणारच. तुम्ही नसता फुगलात?

पण माणसाला बरे दिवस आले की त्याची पाठ आधी ताठ होते. वस्तीच्या समितीला एक खोली मिळाली. खोलीत टेबल आले, टेबलामागे दोन खुर्च्या आल्या. एक अध्यक्षाची, एक सचिवाची. तो काटकुळा पुढारी आता पोट सुटलेला आबा झाला होता आणि अध्यक्षही तोच. सभा वर्षातून एकदा, तीही अर्धी रिकामी. मग मला माळ्यावर फेकले. उंदरांनी माझी एक कड खाल्ली. कुणीतरी मला खाली काढून गाडीखाली अंथरून तेल बदलले आणि तसेच परत कोंबले. तेव्हा मी जे जे पुटपुटले ते इथे सांगण्यासारखे नाही.

माळ्यावरून मला उतरवले ते टाचणीने.

टाचणी म्हणजे आमच्या शिंपिणीची थोरली. अंगाने बारीक, तोंडाने टोकदार, म्हणून टाचणी. कॉलेज सकाळी, दुपारी आईला काजे-बटणे करून द्यायची. तिने आपल्यासारखी दहा पोरेपोरी जमवली. रिक्षा चालवणारा भोंगा त्यातलाच. त्या अकरा जणांनी मला उन्हात टाकून काठ्यांनी असे झोडपले की वीस वर्षांची धूळ गल्लीभर उडाली. शेजारणी ओरडल्या. मला मात्र अंगातून ताप उतरल्यासारखे वाटले. शिंपिणीने माझी खाल्लेली कड कोटाच्या अस्तराने शिवून दिली, एक पैसा न घेता. वर म्हणाली, "माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुणे हिच्यावरच बसले होते." या मायलेकींचे ऋण मी शेवटचा धागा तुटेपर्यंत मानीन.

पोरांनी समितीच्या खोलीत पुन्हा सभा सुरू केल्या. म्हणजे अंथरायची पोरांनी, पाणी द्यायचे पोरांनी, गुंडाळायचीही पोरांनी. सभा चालू असताना ती मागे उभी. चपला पायातच, कारण कुणी हाक मारली की पळायचे. "ए भोंग्या, पंखा लाव." "ए टाचणे, चहाचं बघ." बसू नका असे त्यांना कुणी म्हटले नव्हते. बसा असेही कुणी म्हटले नव्हते.

आता खरी गोष्ट ऐका. वस्तीच्या एका बाजूने मोठा नाला जातो. शाळा, दवाखाना, बसथांबा सगळे पलीकडे. वळसा घालून जायचे तर अर्धा तास. म्हणून लोक नाल्यावरून गेलेल्या पाण्याच्या जाड पाइपावरून चालत जातात. पावसाळ्यात त्या पाइपावर शेवाळ धरते. एका सकाळी शिंपीण शिवलेल्या कपड्यांचे गाठोडे घेऊन निघाली आणि मधोमध घसरली. जीव वाचला. उजवे मनगट मोडले. शिंपिणीचे उजवे मनगट, मित्रांनो. मशीन झाकून ठेवले गेले.

टाचणी पालिकेत खेटे घालू लागली. सहाव्या खेपेला साहेबाने कागद दिला. एक छोटा पूल मंजूर आहे, म्हणाला. जागा दोन आहेत. तुमच्या वस्तीपाशी, नाहीतर पुढे गोदामांपाशी. सोमवारपर्यंत तुमच्या सभेचा ठराव आला तर पूल तुमचा. ठरावाला चाळीस माणसे हजर हवीत. नाहीतर गोदामवाले तयारच आहेत.

पहिली सभा बोलावली, त्या दिवशी कुणाचे तरी लग्न. चौदा जण आले. दुसरीला टीव्हीवर सामना. एकवीस. प्रत्येकाच्या मनात एकच, दुसरा कुणीतरी जाईल. टाचणीने दार न् दार ठोठावले. सगळे म्हणाले, "येतो की, पोरी." उरला रविवार, दुपारी चार. दुसऱ्या दिवशी सोमवार.

रविवारी टाचणीने मला एकेक पट्टा सरळ करीत अंथरले. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून शिंपीण सगळ्यांच्या आधी येऊन माझ्या शिवलेल्या कडेवर बसली होती. किराणावाला आला, सुतार आला, दळणवाली आली. येता येता येणे थांबले.

सचिव उठला. त्याला सगळे नियमकाका म्हणतात. निवृत्त कारकून. चपला काढून तो माझ्या कडेकडेने पट्टा पट्टा मोजत गेला आणि परत येऊन चष्मा पुसत म्हणाला, "एकोणतीस. सभा होऊ शकत नाही."

"काका, जरा थांबू या," टाचणी म्हणाली.

"अर्धा तास थांबलो. वही मिटतो."

"आम्ही अकरा जण आहोत ना इथे."

"तुम्ही उभे आहात. उभ्यांची गणती नाही. नियम आहे."

टाचणी खाली वाकली आणि तिने चपला काढल्या.

"बसा रे," ती मागे वळून म्हणाली.

भोंग्याने काढल्या. बाकीच्यांनी काढल्या. अकरा जोड चपला माझ्या कडेला पडल्या आणि अकरा जण माझ्यावर टेकले. काय सांगू! ज्यांनी मला झोडपले, वाळवले, खांद्यावर वाहिले, त्यांचे वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

किराणावाला तिरका झाला. "ही पोरं आता ठराव करणार? आणि सतरंजी कोण उचलणार मग?"

"तुम्ही नळाच्या ठरावाला बसलात तेव्हा किती वर्षांचे होतात हो, काका?" टाचणीने विचारले.

"एकोणीस. पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"मी वीस."

दळणवाली पदर तोंडाला लावून हसली. नियमकाका मात्र हसला नाही. ठरावाला अठरा पूर्ण हवीत, म्हणून त्याने एकेकाचे ओळखपत्र बघितले. एका पोराला अठरा व्हायला तीन महिने कमी. "हा नाही," म्हणाला. पोरगे उठून उभे राहिले, कान लाल. नियमकाकाने पुन्हा मोजले.

"एकोणचाळीस."

शिंपिणीने डोळे मिटले. नियमकाकाचाही आवाज पडला होता, खोटे कशाला बोलू. "एक कमी आहे, पोरी. माझा नाइलाज आहे."

"तुम्ही दोघं धरून एक्केचाळीस होतात ना," भोंगा म्हणाला.

"आम्ही खुर्चीवर," नियमकाका म्हणाला आणि आपलेच बोलणे आपल्या कानी पडल्यासारखा आबाकडे बघत राहिला.

आबा टेबलामागे बसला होता. वय चौसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्याने नियमकाकाकडे बघितले, पोरांकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले.

"नियम कुणी केला होता रे हा?" त्याने विचारले.

"तुम्हीच, आबा."

"माझा फुगेवाला झाला की मग." आबाने टेबलाला धरून स्वतःला उठवले. "ए टाचणे, हात दे. आणि हसायचं नाही."

टाचणीने एका बाजूने धरले, भोंग्याने दुसऱ्या. एक गुडघा टेकला, "अगं आई गं," दुसरा टेकला, आणि आबा धप्पकन माझ्या पहिल्या निळ्या पट्ट्यावर बसला. वीस-बावीस वर्षांनी. वजन बरेच वाढवून आणले होते मेल्याने. पण मांडी तीच. घट्ट.

"मोज आता."

"चाळीस," नियमकाका म्हणाला, आणि पेनाचे टोपण काढता काढता त्याच्या हातून खाली पडले.

ठराव टाचणीनेच वाचला. पाइप किती रुंद, पावसाळ्यात किती जण पडले, रोज किती पोरे शाळेला जातात, सगळे मोजून आणलेले. चाळीस हात वर गेले. शिंपिणीने डावा वर केला. मग सह्यांसाठी टेबलाशी गर्दी झाली आणि ती अकराही पोरे तिकडे, कारण कागद त्यांनीच लिहिला होता.

आणि मी तशीच पडून. लोक चपला शोधून घरी निघाले. मला उचलायला कुणीच नाही. जन्मात असे कधी झाले नव्हते.

आबाला उठता येत नव्हते, म्हणून तो अजून माझ्यावरच होता. त्याने किराणावाल्याला हाक मारली. "काय रे, निघालास कुठे? मला उठव आधी, मग ते टोक धर."

दोन म्हाताऱ्यांनी मला उचलायला घेतले. घडी कशी घालायची तेच विसरले होते. एकाने रुंदीत दुमडली, दुसऱ्याने लांबीत, आणि मध्ये माझा असा बोळा झाला की विणकर बाईने बघितले असते तर दोघांना पंजानेच ठोकले असते.

"आबा, आधी लांबीत!" टाचणी टेबलाजवळून ओरडली.

"माहितीये, माहितीये. तू सह्या मोज."

सोमवारी दहा वाजता ठराव पालिकेत पोचला. पूल व्हायला आठ महिने लागले. अरुंद आहे, एका बाजूला कठडाच लावायला विसरले. त्यासाठी पुन्हा दोन सभा झाल्या. शिंपिणीचे मनगट थंडीत दुखते, पण मशीन चालू आहे. नियमकाकाने वही टाचणीला दिली. शेजारी बसून तिच्या चुका काढतो, आणि ती त्याच्या काढते.

मित्रांनो, मी कृतज्ञ आहे. माझ्यासारख्या सुताच्या तुकड्यावर इतक्या माणसांनी विश्वासाने बूड टेकले, याहून मोठा मान मला नको. एवढेच मागते. तुमच्या वस्तीत, शाळेत, कुठेही माझी एखादी बहीण असेल तर तिला महिन्यातून एकदा ऊन दाखवा. ओली असताना घडी घालू नका. आणि तिच्यावर बसाल तेव्हा एकदा मान वळवून मागे बघा. तिथे कुणीतरी पाण्याचा जग घेऊन उभे असेल. त्याला नाव विचारा आणि आपल्या शेजाऱ्याला म्हणा, "सरका हो जरा." माझ्यावर जागा कधीच कमी नव्हती.