आल्माचं स्वयंपाकघर

व्हिटकम फॉल्समध्ये ते नाटक आठ-दहा वर्षांनी एकदा व्हायचंच. मार्चमधल्या गावसभेत बर्फ काढायच्या गाडीवरून तासभर भांडण होई. ते मिटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणे, "बऱ्याच दिवसांत नाटक नाही झालं," आणि सगळे हात वर होत. न्यू हॅम्पशायरच्या त्या टोकाला माणसं एवढ्या एकमताने दुसरं काहीच करत नसत.

नाटक एका लहानशा गावाचं. जगभर होतं म्हणे. पण लेखकाने ते आपल्याच गावावर लिहिलंय आणि भीड पडली म्हणून नाव बदललंय, असं इथल्या लोकांचं ठाम मत होतं. लेखकाने रंगमंचावर चार खुर्च्यांखेरीज काही ठेवू दिलं नव्हतं. चूल, टेबल, कपबश्या, सगळं नुसत्या हातांनी दाखवायचं. पहिल्या प्रयोगाच्या तालमीत आईची भूमिका करणाऱ्या आल्मा टटलला दिग्दर्शकाने सांगितलं, "हवेतच न्याहारी कर." आल्मा जन्मात कधी नाटकात उभी राहिली नव्हती. तिने विचारलं, "करते. पण कुणाच्या स्वयंपाकघरात?"

"तुझ्याच कर बाई," असं उत्तर मिळालं, आणि आल्माने ते शब्दशः घेतलं. डावीकडे चूल, मधोमध टेबल, पलीकडे कोठीचा फुगलेला दरवाजा. तो हाताने उघडत नसे, त्याला कमरेचा धक्का द्यावा लागे. अर्ध्या गावाने त्या स्वयंपाकघरात बसून तळलेले डोनट खाल्ले होते. रिकाम्या रंगमंचावर आल्माने पहिला धक्का दिला आणि सभागृह हसून लोटपोट झालं.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. युद्धाच्या वर्षी गावात पुरुष उरले नाहीत, तेव्हा बायकांनी काजळीच्या मिशा लावून त्यांची कामं केली. पुराच्या वर्षी प्रयोग पीझलींच्या गोठ्यात झाला आणि ऐन हळव्या प्रसंगी गाय हंबरली. पण स्वयंपाकघर आल्माचंच राहिलं. आल्मानंतर तिच्या मुलीने, वर्नाने, आईची भूमिका तीनदा केली आणि तीनही वेळा कोठीच्या दाराला टाळी घेतली.

मधल्या काळात हमरस्ता रुंद झाला आणि टटलांचं घर त्यात गेलं. आल्माची चूल होती तिथून आता लाकडाचे ट्रक जात. वर्नाच्या आईचं स्वयंपाकघर जगात आता एकाच ठिकाणी उरलं होतं, टाउन हॉलच्या रिकाम्या रंगमंचावर.

आणि यंदा वर्नाचा गुडघा नवीन बसवला होता. डॉक्टरने कमरेचे धक्के बंद केले. भूमिका बेकरीवाल्या ओडील गान्योनकडे गेली. ओडील सोळा वर्षांपूर्वी कॅनडातल्या क्वेबेकहून आलेली, म्हणजे गावाच्या हिशोबाने नवीनच. वर्ना प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसली. प्रॉम्प्टर हे नावापुरतं, खरं तर पहारा द्यायला.

"टेबलातून गेलीस," ती तालमीत म्हणाली.

"अगं बाई, पुन्हा?" ओडील मागे फिरली.

"टेबल ओकचं आहे. त्यातून माणूस जात नाही."

दिग्दर्शन करणारे स्प्रेगसर शाळेत नाटक शिकवत. ते हळूच म्हणाले, "टटलबाई, खरं बघाल तर तिथे काहीच नाहीये."

"तुम्ही उंच आहात सर. तुम्हाला वरून दिसत नसेल."

सरांनी पुन्हा कधी त्या टेबलाचं नाव काढलं नाही. ओडील मात्र मेहनती होती. पावांची भट्टी आवरून पिठाच्या हातांनीच तालमीला येई. आठवडाभरात टेबलाला वळसा घालू लागली आणि कोठीच्या दाराला असा धक्का द्यायला लागली की वर्नाने संहितेत डोकं घातलं, कारण तो तिच्या धक्क्यापेक्षा चांगला होता. एक खोड तेवढी जाईना. मोरीपाशी भांडी घासता घासता ओडील मान वर करून समोर बघे आणि तिचा चेहरा उजळे.

"काय बघतेस?" वर्नाने विचारलं.

"नदी. बेकरीत मोरीवर खिडकी आहे ना. हात आपोआप घासतात, डोळे बाहेर जातात."

"इथे खिडकी नाही. भिंत आहे."

"नुसती भिंत? दिवसभर भांडी घासायची आणि भिंत बघायची?"

"माझ्या आईने जन्मभर बघितली."

हे बोलणं वर्नाला स्वतःलाच आवडलं नाही. आल्माला त्या भिंतीत खिडकी हवी होती. दर वसंतात ती म्हणे, "इथे एक खिडकी काढली तर मला नदी दिसेल." वडील बरणीतला मेपलचा पाक पोळीवर ओतत म्हणत, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी कधी छप्पर दुरुस्तीला निघे, कधी गाय आजारी पडे. आई गेली तेव्हाही भिंत भिंतच होती. पण म्हणून काय झालं? नव्हती ती खिडकी. जे नव्हतं ते आत घेतलं, तर उद्या कुणी टेबल हलवेल, परवा कोठी बुजवेल, आणि मग आईचं म्हणून काय उरणार? वर्नाने ओडीलला बजावून सांगितलं, मान खाली ठेवायची. ओडीलने ठेवली. तिचं काम बिनचूक झालं आणि जरा निर्जीवही. ते वर्नाला दिसत होतं.

पहिल्या प्रयोगाला टाउन हॉल गच्च भरला. तळघरात बायकांनी घुगऱ्यांसारखे, पण गोड बीन्स शिजवून ठेवले होते. त्यांचा वास वर येत होता. पहिल्या रांगेत ऑरिन पीझली बसला होता. ज्याच्या गोठ्यात गाय हंबरली तोच हा. त्याला ऐकू कमी येई, म्हणून तो स्वतः जोरात बोले.

ओडील आली. भीतीने पांढरीफटक. चुलीत लाकूड घातलं, अंडी उचलली, आणि अंडी हातात घेऊन सरळ टेबलामधून चालत गेली.

सगळ्या हॉलने श्वास आत घेतला.

"टेबलातून गेली ही," ऑरिन शेजाऱ्याला म्हणाला. ते शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

हशा पिकला. लोकांच्या मनात वाईट नव्हतं, पण ओडीलला ते कसं कळणार? ती मोरीपाशी उभी राहिली, मान खाली घालून, वर्नाने शिकवल्याप्रमाणे, आणि पुढचं वाक्यच विसरली. वर्नाने विंगेतून वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. ओडीलच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. सोळा वर्षांत गावाने पहिल्यांदा तिला आपल्या घरात घेतलं होतं, आणि तिने पहिल्याच पावलाला टेबल तुडवलं होतं.

वर्नाने तिची पाठ पाहिली. भिंतीकडे तोंड, खांदे पडलेले. अशी पाठ तिने लहानपणी टेबलापाशी बसून रोज पाहिली होती. तिच्या मनात आलं, आईचं सगळं जपलं आपण, चूल जपली, टेबल जपलं, आणि ती भिंतसुद्धा जपत बसलो.

"ओडील," ती कुजबुजली. "खिडकी उघड."

ओडीलने डोळे किंचित वळवले.

"उघड म्हणते ना. मी सांगतेय."

ओडीलने हात वर केले. हवेतली कडी काढली. खिडकी नवीन असावी, कारण सहज वर सरकली. तिने डोकं बाहेर काढून नदीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मागच्या रांगेतली माणसं नकळत माना उंचावून बघू लागली. मग ती वळली, दोन्ही हातांनी ते ओकचं टेबल जोर लावून जागेवर सरकवलं, आणि पोरांना न्याहारीला अशी हाक मारली की वाक्य कधी अडलं होतं हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. कोठीच्या दाराला धक्का दिला तेव्हा टाळ्या थांबेनात.

विंगेत वर्ना नाक पुसत होती आणि पुढच्या दोन पानांचं प्रॉम्प्टिंग विसरली. सुदैवाने कुणाला गरज पडली नाही.

नाटक संपल्यावर तळघरात बीन्सच्या पंगतीत ऑरिन ताटली घेऊन वर्नापुढे उभा राहिला.

"वर्ने, त्या भिंतीला खिडकी नव्हती. तुमच्या घरची ती भिंत मी दोनदा रंगवलीय."

ओडीलने ताटली खाली ठेवली.

"नव्हती," वर्ना म्हणाली. "बाबा पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत गेले. आज निघाली."

ऑरिनने आणखी बीन्स वाढून घेतले. तो आल्माच्या हातचे डोनट खाऊन मोठा झाला होता.

"कुठल्या बाजूला उघडते?" त्याने विचारलं.

"नदीच्या."

"मग चौकटीला रंग लागेल," ऑरिन म्हणाला. "उद्याच्या प्रयोगाआधी येतो मी."