चौसष्ट पावलांचा व्हरांडा

ते १९७१ साल होतं. हे पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी मी नोकरीत कायम झाले आणि त्याच वर्षी ती नोकरी जाता जाता राहिली.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता, एकतीस मुलांचा. शाळा एकमजली, लांबलचक. सगळे वर्ग एका ओळीत आणि पुढून व्हरांडा. पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एका मुलीचा हात धरून दारात उभ्या राहिल्या. मागे मुलीची आई. शिवणकाम अर्धवट टाकून आली असावी, टेप अजून गळ्यातच होता.

"हिला दिसत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "एक वर्षाची परवानगी मिळालीय. शेवटी तपासनीस साहेब येऊन बघतील. जमलं तर राहील. नाहीतर अंध मुलांच्या शाळेत, दोन दिवसांच्या प्रवासावर. तिथंच राहायचं."

"बाई, आम्ही दोघीच आहोत हो," एवढंच आई म्हणाली.

मुलगी चालताना जिभेनं टिक टिक असा आवाज करायची. भिंत जवळ आली की आवाज बदलतो, म्हणायची. मधल्या सुट्टीपर्यंत पोरांनी तिचं नाव टिकटिक ठेवलंसुद्धा. मी रागवायला उठले तर तीच म्हणाली, "असू दे बाई, घरच्या नावापेक्षा बरं आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "बाई, ही शाळा केवढी आहे?"

"मोठी आहे."

"मोठी म्हणजे केवढी?"

मला सांगता येईना. मोठ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बांधताना मोजली असेलच की कुणीतरी!" मी वर्गात येऊन सरळ सांगून टाकलं, "मला माहीत नाही. कसं कळेल आपल्याला?"

त्या एका वाक्यानं माझं वर्षाचं टाचण गुंडाळून ठेवलं. पोरं पावलांनी व्हरांडा मोजायला लागली. एकाचा अठ्ठावन्न यायचा, एकीचा एक्काहत्तर. वर्गात एक हडकुळा मुलगा होता, कशालाही हरकत घ्यायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणायचे. तो म्हणाला, "व्हरांडा एक आणि मापं एकतीस? हे चालणार नाही. एकाचंच पाऊल धरा." मग कुणाचं पाऊल सारखं पडतं ते बघायला आठवडा गेला. बाकीच्यांचं लक्ष उडायचं, मध्येच पळायचे. टिकटिकचं पाऊल तेवढं दर वेळी सारखं. तिला घरापासून मोजत चालायची सवयच होती.

तर आमच्या वर्गाचं माप ठरलं एक टिकटिक. भिंतीवर तक्ता लागला. व्हरांडा चौसष्ट. पाण्याच्या टाकीपर्यंत एकवीस. मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत तीस, "बोलावणं असलं तर पन्नास", असं खाली वकिलानं लिहिलं होतं. बेरजा, गुणाकार, शाळेचा नकाशा, सगळं त्या तक्त्यावरून चालायचं. नकाशातल्या भिंतींवर सुतळी चिकटवलेली, म्हणजे टिकटिकला बोटांनी कळावं. पाचवीचे गुरुजी व्हरांड्यात भेटले की विचारायचे, "काय बाई, आज वर्ग वर्गात आहे की रस्त्यावर?"

आठ महिन्यांनी साहेब आले. उंच, कोरडे, हातात फाईल. टिकटिकची आई सकाळपासून व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती, टेप आजही गळ्यात. साहेबांनी वर्ग पाहिला. अर्धी मुलं जमिनीवर, दोघं खिडकीत.

"हा तक्ता कसला?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं. त्या मुलीला व्हरांडा मोजू द्या."

टिकटिक निघाली. सगळा वर्ग दारात. ती दुसऱ्या टोकाला जाऊन परत आली आणि म्हणाली, "बासष्ट."

साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुन्हा."

पुन्हा बासष्ट. जाताना बासष्ट, येताना बासष्ट.

"बाई, आठ महिन्यांत मुलीला साधं मोजता येत नाही," असं म्हणून त्यांनी फाईल उघडली. बाकावरची आई उठून उभी राहिली. तिचा चेहरा पाहिला आणि मला काय झालं कोण जाणे, मी खाली वाकून टिकटिकच्या कानात म्हणाले, "चौसष्ट म्हण गं."

ती मोठ्यांदा म्हणाली, "पण बाई, बासष्टच आहेत!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. साहेबांची लेखणी थांबली. मुलं माझ्याकडे बघत होती. वर्षभर "कसं कळेल, कसं कळेल" म्हणत डोकं खाणारी बाई आज उत्तर पढवते आहे, हे त्यांनी पाहिलं. मी कशीबशी म्हणाले, "माझं चुकलं. तू मोजलंस तेच खरं."

वकीलच मध्ये पडला. "थांबा. तेव्हाही तिनंच मोजलं, आत्ताही तिनंच. मग बदललं काय?"

झालं! साहेब आहेत हे पोरं विसरली.

"व्हरांडा आखडला!"

"शहाणाच आहेस. खांब काय चालत गेले?"

"ती घाबरून भराभर चालली असेल."

"मी कशाला घाबरू? तूच दाराआड लपला होतास."

एकानं जाऊन फरशा मोजल्या. त्या पूर्वीएवढ्याच होत्या, म्हणजे व्हरांडा सुटला. टिकटिकला हळू चालवून पाहिलं, तरी बासष्ट. आता कुणाला सुचेना. तेव्हा बाकाजवळून आई हळूच म्हणाली, "अहो, ती वाढलीय. दोनदा फ्रॉकची दुमड उसवून लांबी सोडलीय मी. तिचे पायच लांब झालेत."

वकिलानं कपाळावर हात मारला. "म्हणजे सगळा तक्ताच बाद! ही मेली वाढते कशाला?"

"तू नाही वाढत, म्हणून जळतोस," टिकटिक म्हणाली.

साहेबांनी फाईल मिटली. पहिल्यांदाच ते मुलांशी बोलले. "यांच्या गळ्यात टेप आहे. त्यानं का नाही मोजलंत?"

"टेप मला वाचता येत नाही, साहेब," टिकटिक म्हणाली. "पाऊल वाचता येतं."

वकील साहेबांना आपादमस्तक न्याहाळत होता. "साहेब, तुम्ही अजून वाढता का?"

"नाही बुवा. रुंदीचं सांगता येत नाही."

"मग तुमची पावलं द्या."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेब फाईल आईच्या हातात देऊन व्हरांड्यात चालत होते. शेजारी टिकटिक मोजत होती आणि मागून बाकीची तीस पोरं दबक्या आवाजात. बेचाळीस झाले. परतताना एक्केचाळीस. "सारखं पाऊल टाका ना," टिकटिकनं त्यांना बजावलं. त्यांनी तिसऱ्यांदा मोजून दिलं.

जाताना मोठ्या बाईंच्या खोलीत त्यांनी मला विचारलं, "कानात काय सांगितलंत ते मला ऐकू आलं होतं. एवढ्यावर नोकरी जाते. पुन्हा कराल?"

"नाही."

"मुलीला इथंच राहू द्या. पाचवीपर्यंत मी दर वर्षी येईन." त्यांनी तसंच लिहिलं. बाहेर येऊन आईला मी ते सांगितलं, तर तिनं आधी मुलीचा फ्रॉक खाली ओढून सारखा केला आणि मगच रडली.

आठच दिवसांत तिनं जुन्या टेपवर प्रत्येक इंचाला दोऱ्याची गाठ घालून आणली. दहाव्या इंचाला दोन गाठी. पोरांनी सगळी शाळा नव्यानं मोजली.

साहेब बोलल्याप्रमाणे आले, दोन्ही वर्षं. पुढच्या वर्षी न दिसणारा आणखी एक मुलगा आणि एक कुबड्या घेऊन चालणारी मुलगी आमच्याकडे त्यांनीच पाठवली. निवृत्तीनंतर ते लेकीकडे राहायला गेले आणि तिथंच वारले. मोठ्या बाई नव्वदी ओलांडून गेल्या. पाचवीच्या गुरुजींनी पुढं स्वतःचा वर्ग मैदानात भरवायला सुरुवात केली आणि ती आपलीच कल्पना, असं शेवटपर्यंत सांगत राहिले. मीही ऐकून घेतलं. मी आणखी तेहतीस वर्षं शिकवलं.

वकील बस चालवायचा. प्रवाशांशी वाद घालण्यात एकदा त्याचा थांबा मागं राहिला, असं त्याची बायकोच सांगते. आता घरी असतो, नातवंडांशी भांडतो. शाळेची ती इमारत पाडून तीन मजली झाली. व्हरांडा राहिला नाही.

टिकटिक इस्पितळात टेलिफोनवर लागली. आवाज एकदा ऐकला की माणूस विसरायची नाही. लग्न केलं, नवऱ्याला सांगून आईच्याच घरात संसार मांडला. दोन मुलगे झाले. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. त्या दिवसापर्यंत दोघी मायलेकी एका छपराखाली राहिल्या.