कापडाच्या कात्रीने धरलेला डूख

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, शिवणकामाची, आणि मी डूख धरते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे माझी हकिकत ऐकताना "अगंबाई, एवढीशी कात्री आणि केवढा हा राग!" असं म्हणायला नको. एवढीशी तर मी मुळीच नाही. चांगली दहा इंच लांब आहे, अंगाने पोलादी आहे, आणि पायावर पडले तर तुम्ही आठवडाभर लंगडाल.

मला एका लोहाराने भट्टीत तापवून, ठोकून, घासून घडवलं. माझी दोन पाती त्याने अशी भिडवली की मध्ये केस धरला तरी सटकत नसे. मग मी एका शिंप्याकडे गेले. त्याच्याकडे एक मुलगी काम शिकत होती. शिकून झाल्यावर त्याने मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हिने कापड सोडून काही कापायचं नाही. कागद तर नाहीच नाही." कारण कागद दिसतो गरीब, पण कापडाच्या कात्रीची धार तोच खातो. एकदा कागदावर चालवलेली कात्री रेशमावर चालत नाही, ती रेशीम चावते. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक घरात हा नियम पाळतात.

तिने तो तीस वर्षं पाळला. त्या मुलीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, आणि सगळं घर तिला आई म्हणू लागलं. म्हणून मीही तिला आईच म्हणते. रात्री मला पुसायची, माझ्या खिळ्यावर तेलाचा थेंब सोडायची आणि फलालीनच्या पिशवीत घालून वरच्या खणात ठेवायची. बाकीचे शिंपी महागाचं कापड बेतण्याआधी चिंधीवर कात्री चालवून बघतात. आईने तसं कधी केलं नाही. "माझ्या कात्रीला कोणी हात लावत नाही, मग बघायचं काय?" असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. मला तेव्हा फार मोठेपणा वाटायचा.

मग आईच्या मुलीचं लग्न ठरलं.

मुलीने ठरवलं की लग्न घरामागच्या अंगणात करायचं आणि सगळं हाताने करायचं. विकतचं काहीही आणायचं नाही. थीम होती कागदी बाग. झाडांना कागदी वेली, टेबलांवर कागदी फुलं, डोक्यावर कागदी कंदील. होणारा नवरा स्वतः बाकं ठोकत होता. आणि पोशाख अर्थातच आई शिवणार होती. मुलगी पाच वर्षांची असतानाच आईने सायीच्या रंगाचं रेशीम घेऊन ट्रंकेत ठेवलं होतं. तसं कापड आता कुठेच मिळत नाही. पोशाखापुरतंच होतं, वीतभरही जास्त नाही.

या सगळ्याची मुकादम झाली मुलीची आत्या. आई तिला वन्सं म्हणते, मी काय म्हणते ते तुमच्यासमोर बोलण्यासारखं नाही. आत्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर याद्या चिकटवल्या, सगळ्यांना कामं वाटून दिली आणि स्वतःकडे वेली घेतल्या. सहाशे पानं, आणि प्रत्येक पानाला तारेचा देठ.

एका दुपारी आई शिवलेले कपडे पोचवायला गेली होती आणि आत्याला कागदाची कात्री सापडेना. ती अंगणातच होती, बाकाखाली पडलेली. पण वाकून शोधायचे कष्ट कोण घेणार? आत्या सरळ आत आली, खण उघडला आणि मला पिशवीतून ओढून काढलं. "बाई गं, काय जड आहे!" म्हणाली. नियम तिला ठाऊक होता. ठाऊक नसता तर खिडकीचा पडदा कशाला ओढून घेतला असता?

मित्रांनो, तिने माझ्याकडून जाड पुठ्ठ्यासारखा हिरवा कागद कापून घेतला. सहाशे पानं! माझी धार पानापानाला झिजत होती. आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून तिने पात्यांमध्ये तार धरली आणि कचकन दाबली. माझ्या पात्याला खाच पडली, मी कळवळले. तिने दुसरी धरली, तिसरी धरली. सगळं झाल्यावर मला पदराला पुसलं, पिशवीत कोंबलं आणि खण लावून टाकला. त्या अंधारात मी शपथ घेतली, आत्याबाई, याचं उट्टं काढलं नाही तर मी पोलादाची नाही.

पण सूड घ्यायचा म्हटलं तरी कात्री स्वतःहून चालत नाही. तिला कोणाचा तरी हात लागतो. आणि त्यानंतर मला पहिला हात लागला तो आईचा.

त्या रात्री आई दमून आली, तिने मला पुसायला बाहेर काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोठ्या टेबलावर ते रेशीम पसरलं. खडूने रेघा आखल्या. मुलगी आणि आत्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. आईने मला उचललं, आणि नेहमीप्रमाणेच, चिंधीवर न चालवता, सरळ रेशमात घातलं. मी ओरडून सांगायला हवं होतं, "आई, थांब!" पण मला कुठे आवाज आहे? दोन बोटं अंतर गेले आणि माझ्या खाचेत धागा अडकला. आईला वाटलं कापड सरकलं, तिने जोर केला. पुढच्या भागाच्या मधोमध, गळ्यापासून कमरेपर्यंत, रेशीम चुरगळून ओढलं गेलं आणि फाटलं.

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"माझा हात गेला," ती म्हणाली. "थरथरला बघ. माझा हात गेला गं."

"नाही आई, असं काय म्हणतेस," मुलगी म्हणाली, पण तिचे डोळे त्या कापडावरून हटत नव्हते.

आणि आत्या? क्षणभर तिची नजर खाली गेली. मी ती पाहिली. मग तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, "वय होतं वहिनी. मनाला लावून घेऊ नका."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझी धार घालवली ते एकवेळ सोसलं असतं. पण आईचा तीस वर्षांचा हात तिने एका वाक्यात मोडीत काढला.

त्यानंतर आईने मशीनवर चादर टाकली. गिऱ्हाइकं आली की ती दारातूनच परत पाठवायची. "आता दुसरीकडे बघा बाई, मला जमत नाही." दुपारी टेबलाशी बसून उजवा हात समोर धरायची आणि बोटं उघडायची, मिटायची. महिनाभर हे चाललं. अंगणात हाताने केलेलं सगळं सजत होतं आणि नवरीचा पोशाख तेवढा दुकानातून आला. तोही आत्यानेच निवडलेला, खांद्यावरून घसरणारा.

लग्नाच्या दिवशी अंगणाच्या फाटकाला साटीनची फीत बांधली होती. आत्या ती कापणार आणि मग पाहुणे आत येणार, असा तिचाच बेत. आदल्या दिवशी मुलगी म्हणाली होती, "फीत आईच्या कात्रीने कापू या. तिची एक तरी वस्तू माझ्या लग्नात असू दे." आत्याला नाही म्हणता आलं नाही. आई म्हणाली, "ने. मला आता काय करायची आहे ती?" ते ऐकून मला रडू आलं, आणि पुढच्याच क्षणी हसू. आत्याचा हात, साटीन आणि शंभर माणसं! याहून चांगला मुहूर्त मला कुठला मिळणार होता?

आत्या मिरवत पुढे आली. फोटोवाला सरसावला. तिने मला फितीवर धरून दाबलं. मी फीत चावली. तिने पुन्हा दाबलं, मी पुन्हा चावली. फितीचे दोरे निघाले, लोंबायला लागले, पण फीत काही तुटेना. पाहुण्यांत कोणीतरी फिसकन हसलं. "आत्या, दातांनी तोडा!" मागून आवाज आला. तिचा चेहरा लालबुंद झाला. तिने दोन्ही हातांनी मला दाबलं तेव्हा मी मुठीत तिचं बोट असं चिमटलं की ती किंचाळलीच.

"राहू द्या वन्सं," आई खुर्चीतून म्हणाली. "माझ्यासारखीच म्हातारी झाली ती."

"म्हातारी कसली!" आत्या उसळली. "चांगली धडधाकट आहे मेली! महिन्यापूर्वी सहाशे पानं कापली मी हिने, तारा कापल्या, तेव्हा कशी कचाकच चालत होती!"

बोलून गेली आणि मग तिला कळलं.

"तारा?" मुलगी म्हणाली. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पोटची पोर, तिला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. "आत्या, कुठल्या तारखेला?"

आई उठली, तिच्या हातातून मला घेतलं आणि माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला. एक खाच. दुसरी. तिसरी. मग तिने आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. तो अजिबात थरथरत नव्हता.

"वन्सं," ती म्हणाली, "महिनाभर मी या हाताला शिव्या देतेय. आणि तुम्ही ऐकत होतात."

एवढंच बोलली. मग वळून मुलीला म्हणाली, "सुईदोरा आण. तो खांदा नीट करू दे मला." शंभर माणसं फाटकाबाहेर ताटकळली, आणि आईने नवरीच्या अंगावरच पोशाखाचे दोन्ही खांदे बारीक टाके घालून बसवले. एक टाका चुकला नाही. फीत शेवटी नवऱ्या मुलाने गाठ सोडून काढली.

धारवाल्याने माझ्या खाचा काढल्या, त्यात माझं नखभर पातं गेलं. आई पुन्हा कापडं बेतते. आत्याने नंतर माफी मागितली आणि आईने माफ केलंही, तिचा स्वभावच तसा.

मित्रांनो, कोणाचं हत्यार न विचारता घेऊ नका. घेतलंत आणि बिघडवलंत, तर त्याच दिवशी तोंडाने सांगा. कारण तुम्ही गप्प बसलात तर ते माणूस हत्याराला दोष देत नाही, स्वतःच्या हाताला देतं. आत्या अजून घरी येते, आईच्या शेजारी बसून चहा पिते. आईने तिला माफ केलंय. मी नाही.